सेकंदाला दीडशे जावई

बोरगाव एक नाही. वर्ध्याला चिकटून बोरगाव मेघे आहे, अकोल्याजवळ बोरगाव मंजू आहे, आणि मागेपुढे काहीच न लावणारी नुसती बोरगावं किती, ते टपालखात्यालाच ठाऊक. बोरीचं झाड दिसलं की गावाचं नाव ठरलं, असा पूर्वजांचा सुटसुटीत कारभार. या लेखातलं बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं, सौंसर तहसिलीतलं. इथल्या औद्योगिक क्षेत्रात १९९१ साली रेमंडची गिरणी आली. त्यामुळे मुंबईतल्या एखाद्या नवरदेवाच्या सुटाचं कापड बोरगावात विणलेलं असू शकतं, आणि नवरदेवाला त्याचा पत्ताही नसतो.

पत्त्याचं म्हणाल तर बोरगावचा स्वतःचाच पत्ता ठरत नाही. गाव जागचं हललेलं नाही, पण १९५६ पर्यंत ते ज्या राज्यात होतं त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि कालपर्यंतची राजधानी परराज्यात गेली. पुढे २०२३ मध्ये जिल्हाही बदलला, छिंदवाड्याच्या जागी पांढुर्णा आला. गावकऱ्यांनी यावर काढलेला तोडगा साधा आहे. तहसिलीत हिंदी, ओट्यावर मराठी. पटवाऱ्याकडे गेलं की खसरा-खतौनी, आणि सीमेपलीकडच्या सावनेरच्या मामाकडे गेलं की तशाच जमिनीच्या तशाच कागदाला सातबारा. खाली मध्य प्रदेश चालू, वर नागपूर चालू, आणि दोघांची एकमेकांना अडचण नाही.

संगणकवाले याला आभासी यंत्र म्हणतात, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. पण हे त्या गावातल्या एखाद्या पोराने घरी समजावून सांगावं तेव्हा कळतं की अनुभव असणं वेगळं आणि समजणं वेगळं. समजा, पुण्यात नोकरी करणारा असा एक पोरगा पोळ्याला घरी आलाय. बैल सजवता सजवता मोठे बाबा विचारतात,

"काय करून राह्यला बाबू तू तिकडं?"

"एका मशीनमध्ये दुसरी मशीन चालवतो, मोठे बाबा."

"दुसरी ठेवतो कुठं?"

"ती नसतेच."

"नसते तं चालवतो काय?"

इथे पोराची पदवी संपते. तरीही प्रश्न सुटण्यासारखा आहे, फक्त इंजिनिअरिंगची वही मिटून घरातच पाहावं लागतं. त्यासाठी अधिक महिना आठवावा, ज्याला घरोघरी धोंड्याचा महिना म्हणतात.

आभासी यंत्र म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई. इंग्रजीतले शब्दही त्याच घरातले आहेत: खालच्या खऱ्या यंत्राला होस्ट आणि वर चालणाऱ्या प्रणालीला गेस्ट. मराठीत यजमान-पाहुणा म्हणता आलं असतं, पण 'आमचे यजमान' म्हटल्यावर अर्ध्या वाचकांना नवरा आठवायचा. म्हणून जावई बरा.

जावयाला आल्या आल्या सांगतात, घर तुमचंच आहे. त्याला ते खरंही वाटतं. तो 'पंखा' म्हणतो आणि वारा यायला लागतो. आत काय घडलं ते त्याला दिसत नाही. पंखा बिघडलेला होता, धाकटा साळा धावत शेजारी गेला, टेबलफॅन मागून आणला, पडद्याआड ठेवला आणि वारा सोडला. जावयाला वाटतं, आपण बटण दाबलं. कोठीची किल्ली त्याच्याकडे नाही, तिजोरी कुठे आहे ते त्याला माहीत नाही. शेजारच्या खोलीत आणखी एक जावई लोडाला टेकून बसलाय आणि त्यालाही 'घर तुमचंच' असंच सांगितलंय, याची तर कुणकुणसुद्धा नाही. हुकूम सुटतो, वाटेत अडवला जातो, काम दुसराच कुणीतरी करतो, आणि आत 'झालं' म्हणून निरोप जातो. अख्खी विद्या एवढीच. आयबीएमने ती १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. तेव्हा संगणक खोलीभर असे, आणि किंमत अशी की एका जावयावर उधळणं कुणालाच परवडत नसे.

आजच्या लिनक्सवर हे घर दोघे मिळून चालवतात. सासरेबुवा म्हणजे केव्हीएम. प्रोसेसर आणि मेमरीची वाटणी त्यांच्या हातात, आणि २००७ च्या फेब्रुवारीपासून ते लिनक्सच्या गाभ्यातच मुक्कामाला आहेत. पंखा, तांब्या, वर्तमानपत्र, म्हणजे यंत्राच्या भाषेत डिस्क, नेटवर्क कार्ड आणि कीबोर्ड, ही सगळी सोंगं वठवणारा तो साळा. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये लिहिलेला क्यूएमू हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना-जाणता साळा.

क्यूएमू भलता हौशी. जावयाने काहीही मागावं. जुनं साउंड कार्ड? आहे. सीडी? आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचं नेटवर्क कार्ड? माळ्यावरून काढून देतो. असं करता करता त्याच्या सी भाषेतल्या ओळी चौदा लाखांवर गेल्या. विदर्भातल्या जुन्या वाड्यात कसं, धान्याचं पेव कधीच बुजलेलं असतं पण त्याचं झाकण अजून ओसरीत असतं, तसं या वाड्यातही एक झाकण राहून गेलं होतं. फ्लॉपीचं.

१३ मे २०१५ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या जेसन गेफनर यांनी जाहीर केलं की क्यूएमूच्या फ्लॉपी नियंत्रकात चूक आहे, आणि ती वापरून आतला जावई खोलीची भिंत फोडून घरमालकाच्या तिजोरीपर्यंत पोचू शकतो. चूक २००४ पासून तिथेच होती. ५१२ बाइटांच्या कप्प्यात त्याहून जास्त भरू दिलं जात होतं, ते सांडून शेजारच्या मेमरीवर जात होतं. म्हणजे धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात पेरणी. चुकीचं नाव ठेवलं 'व्हेनम', विष. यातली खरी गंमत पुढेच आहे. २०१५ मध्ये फ्लॉपी वापरत कोण होतं? जवळपास कुणीच नाही. आणि काही ठिकाणी मालकाने फ्लॉपी बंद असं स्पष्ट लिहून ठेवलं, तरी दुसऱ्याच एका चुकीमुळे तिचा नियंत्रक आत जागाच राहत होता. चोर बुजलेल्या पेवातून आला.

त्यानंतर दोनच दिवसांनी, १५ मे २०१५ ला, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची १.० आवृत्ती बाहेर पडली. हा निव्वळ योगायोग, पण पंचांग पाहणाऱ्यांनी नोंद घ्यावी असा.

रस्टचा जन्म लिफ्टपाशी झाला. २००६ मध्ये ग्रेडन होर हा मोझिलात काम करणारा एकोणतीस वर्षांचा प्रोग्रामर व्हँकुव्हरमधल्या घरी परतला, तर लिफ्ट बंद. तिचं सॉफ्टवेअर कोसळलं होतं. घर एकविसाव्या मजल्यावर. आपल्याकडे अशा वेळी माणूस सोसायटीच्या सचिवाला फोन करतो. होरने जिने चढता चढता विचार केला की लिफ्टसारखी साधी यंत्रं का कोसळावीत, आणि मेमरीच्या चुका होऊच देणार नाही अशी भाषा लिहायला घेतली. एकविसाव्या मजल्याने जगाला भाषा दिली. तो दुसऱ्या मजल्यावर राहत असता तर काय झालं असतं, हे न बोललेलंच बरं.

नाव मात्र त्याने असं ठेवलं की बोरगावच्या शेतकऱ्याने कपाळाला हात लावावा. शहरात रस्ट म्हणजे गंज. होरच्या डोक्यात होती ती रस्ट नावाची बुरशी, म्हणजे आपला तांबेरा. पानावर विटकरी भुकटी धरते आणि पांढऱ्या धोतरावर हात पुसला तर डाग राहतो, तोच. मध्य भारतातला १९४६-४७ चा गहू याच तांबेऱ्याने बुडवला होता. पोराने घरी सांगावं, "मी रस्टमध्ये काम करतो, म्हणजे तांबेऱ्यात," आणि मोठ्या बाबांनी विचारावं, "मंग फवारलं काय?" होरला या बुरशीचं कौतुक तिच्या चिवटपणासाठी. गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याचं आयुष्य पूर्ण व्हायला दोन वेगळ्या जातींची झाडं लागतात, आणि त्यात पाच तऱ्हेचे बीजाणू येतात. तगून राहण्यासाठी इतका खटाटोप करणारा जीव त्याला भाषेच्या नावासाठी योग्य वाटला. शेतकऱ्याला याच कारणासाठी तो अयोग्य वाटतो. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे.

या भाषेत वेगळं काय, हे तिफणीवरून कळतं. सी भाषेच्या गावात तिफण कुणीही उचलून न्यावी. एकाच वेळी दोघांनी दोन बाजूंनी ओढावी, कुणी धुऱ्यापलीकडे पेरून यावं. मालकाने तिफण भंगारात विकून टाकल्यावरही शेजारी सकाळी येतो, तिफण होती त्या जागी हात घालतो आणि हाताला जे लागेल ते, समजा म्हशीचं शिंग, घेऊन पेरायला निघतो. संगणकाच्या मेमरीत हे रोज घडतं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षेच्या चुकांपैकी सुमारे ७० टक्के चुका याच जातीच्या.

रस्टच्या गावात कायदा कडक. प्रत्येक तिफणीला मालक एकच. उसनी द्यायची तर दोनच रीती आहेत: नुसती बघायला हवी तर कितीही जणांनी यावं, पण तेवढा वेळ हात कुणी लावायचा नाही, मालकानेही नाही. हात लावायचा असेल तर एकानेच, आणि तेव्हा बघायलाही कुणी थांबायचं नाही. मालक गेला की तिफण त्याच्याबरोबर मोडीत, मागे काही उरत नाही. मुख्य म्हणजे ही तपासणी पेरणी झाल्यावर, भांडण पेटल्यावर होत नाही. बी जमिनीत पडायच्या आधीच पटवारी, म्हणजे भाषेचा कंपायलर, धुऱ्यावर हजर असतो आणि कागद जुळेपर्यंत औताला हात लावू देत नाही. नवा प्रोग्रामर पहिले काही आठवडे या पटवाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. लाच घेत नाही, चहा पीत नाही, चूक मात्र ओळ क्रमांकासकट लिहून देतो. असा पटवारी आपल्याकडच्या लोकांना सहन होणं कठीणच.

तर असा हा तांबेरा सासुरवाडीत शिरला. गूगलने क्रोमबुकसाठी रस्टमध्ये नवा साळा लिहिला, क्रॉसव्हीएम. त्याच्यावरून ॲमेझॉनने आपला बेतला आणि २६ नोव्हेंबर २०१८ रोजी तो जगासमोर उघडा ठेवला. नाव फायरक्रॅकर, म्हणजे फटाका. पण सुतळी बॉम्ब नव्हे, लवंगीची माळ. ॲमेझॉनचे ग्राहक त्यांच्या यंत्रांवर लहानसहान कामं टाकतात, एखादं चित्र लहान कर, एखादी पावती बनव. प्रत्येक कामासाठी वेगळी बंद खोली हवी, कारण एका ग्राहकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावता कामा नये. गरज संपली की खोली मोडायची. फायरक्रॅकर आपली खोली १२५ मिलिसेकंदांत उभी करतो, तिच्यावर स्वतःचा मेमरीचा खर्च पाच एमबीहून कमी ठेवतो, आणि एका यंत्रावर सेकंदाला दीडशे खोल्या काढू शकतो. सेकंदाला दीडशे जावई. प्रत्येकाला 'घर तुमचंच' सांगून झालेलं, आणि तेहतीस अनारशांचं ताट एकालाही नाही.

हा वेग येतो तो फायरक्रॅकरच्या कंजूषपणातून, आणि लेखकाच्या मते या साऱ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं तेच आहे. क्यूएमूच्या तुलनेत फायरक्रॅकरच्या ओळी २०२० मध्ये ९६ टक्क्यांनी कमी होत्या, पन्नास हजारांच्या घरात. सोंगंही तेव्हा मोजकीच: नेटवर्क, डिस्क, यजमानाशी बोलायची एक खिडकी, मजकूर दाखवणारा एक कन्सोल आणि कीबोर्ड. कीबोर्ड कशाला, असं वाटेल. कीबोर्डही नावापुरताच. त्याचा उपयोग एकच, यंत्र बंद करणं. जावयाला सांगितलेलं असतं, तुमच्यासाठी कीबोर्ड ठेवलाय. जावई खूश. कीबोर्डाला कळ एक, तीही 'निघा आता' अशी.

सोबत एक जेलर असतो. खरोखर नावच जेलर. हा शब्द ऐकल्यावर आपल्या लोकांना 'शोले'तले असरानी आठवणं अटळ आहे, पण हा जेलर त्याहून विनोदी. तो आधी कोठडी बांधतो, आत मोजकं सामान ठेवतो, खिडक्या बुजवतो, कैद्याने किती खायचं ते ठरवतो. मग स्वतःची वर्दी उतरवतो, अधिकार सोडून देतो आणि त्याच कोठडीत शिरून स्वतःच फायरक्रॅकर होतो. बाहेर जेलर उरतच नाही. अधिकार सोडणारा जेलर हिंदी सिनेमाला सुचला नव्हता.

इतका घाईचा कारभार झाला तरी ॲमेझॉनला तो हळू वाटला. मग त्यांनी जावयाचा फोटो काढायला सुरुवात केली. जावई एकदा नीट बसला, चहा पिऊन ताजातवाना झाला की त्या क्षणाची मेमरीसकट छबी घ्यायची, आणि पुढच्या वेळी नव्याने बोलावण्याऐवजी त्या छबीतूनच पाहिजे तेवढे जावई उठवायचे. २०२२ च्या नोव्हेंबरात ही सोय स्नॅपस्टार्ट या नावाने ग्राहकांपर्यंत आली.

इथे पुन्हा बोरगाव आडवं येतं. एका छबीतून उठलेले सगळे जावई नावापत्त्याने तंतोतंत सारखे, नेटवर्कमधला क्रमांकही तोच. सगळीच बोरगावं, आणि मेघे-मंजू लावायला कुणी नाही. टपालवाला वेडा व्हायचा. त्यावरचा उपाय असा की प्रत्येक जावयाला वेगळ्या बंद गल्लीत बसवायचं. गल्लीच्या आत प्रत्येकाने खुशाल बोरगाव म्हणवून घ्यावं, गल्लीच्या तोंडाशी मात्र पाटी वेगळी.

दुसरा घोटाळा याहून खोल आहे. संगणकाला गुप्त किल्ल्या बनवायला यादृच्छिक आकडे लागतात, म्हणजे कुणालाच ओळखता येणार नाहीत असे. छबीतून उठलेल्या दहा जावयांच्या डोक्यात यादृच्छिकतेचं बी एकच. सगळ्यांना 'मनातला एक आकडा धरा' म्हटलं तर दहाही जण एकच आकडा धरायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं, आपल्यालाच सुचला. म्हणून जाग आल्या आल्या पाहुण्याला हळूच कळवावं लागतं की बाबा रे, तू मूळचा नाहीस, प्रत आहेस, नवं बी घे. लिनक्सला हा निरोप २०२२ पासून समजतो. माणसांत असा निरोप ऐकून घेणारा अजून भेटलेला नाही.

म्हणून सगळं आबादीआबाद झालं असं नाही. रस्टमध्येही 'अनसेफ' लिहून पटवाऱ्याची नजर चुकवायची सोय आहे, आणि केव्हीएमशी थेट बोलायचं तर ती काही ठिकाणी वापरावीच लागते. फरक इतकाच की तिथे विजेच्या डीपीवर असते तशी कवटीची पाटी लावून काम करावं लागतं, आणि तपासणारा आधी तिकडेच जातो. २०१९ मध्ये फायरक्रॅकरमध्येच, यजमानाशी बोलायच्या त्या खिडकीत, धुऱ्यापलीकडे पेरणीची जुनी चूक सापडली. २०२० मध्ये कन्सोलचा साठा कितीही फुगू शकतो असं निघालं. ही दुसरी चूक तर पटवाऱ्याच्या कायद्यात बसणारी होती. मालकी साफ, धुरा साफ, पण पाव्हण्याने बोलायचं किती याची मर्यादाच कुणी घातली नव्हती. अशा पाव्हण्यावर कुठल्याच भाषेत इलाज नाही.

इंटेलनेही क्लाउड हायपरव्हायझर नावाचा आपला साळा रस्टमध्येच काढला, आणि २०२१ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनच्या ओसरीवर आला. बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या या कंपन्या सामाईक भाग मात्र 'रस्ट-व्हीएमएम' या एकाच ठिकाणी ठेवतात. ॲमेझॉन, गूगल, इंटेल, अलिबाबा, रेड हॅट सगळे तिथून उचलतात आणि सुधारून परत ठेवतात. मळणीयंत्र पाच घरांत मिळून घेतलं तर ज्या गावात तीन वर्षं बोलाचाली बंद राहते, त्या गावाला हे खरं वाटणार नाही. क्रॉसव्हीएम आता खिशातही आलाय. अँड्रॉइड १३ पासून काही फोनांमध्ये तोच छोट्या बंद खोल्या चालवतो.

फायरक्रॅकरचा सगळा मजकूर अपाची परवान्याखाली खुला आहे. कुणीही वाचावा, उतरवून घ्यावा, बदलावा, पैसे लागत नाहीत. करून पाहायचं असेल तर इंटेल, एएमडी किंवा आर्मचा ६४ बिटांचा प्रोसेसर असलेलं यंत्र, त्यावर केव्हीएम चालू असलेलं लिनक्स आणि थोडा धीर एवढं लागतं. फ्लॉपी लागत नाही.